सात बाटल्या

४ मार्च, सोमवार
आले एकदाची! तीस खाटांचं रुग्णालय, दोन जिने चढून माझी खोली, कपाटाचं दार लाथ मारल्याशिवाय लागत नाही. मोठ्या सिस्टरनी सगळं फिरवून दाखवलं. त्या इथे बावीस वर्षं आहेत. त्यांच्यापुढे मी डॉक्टर असले तरी कालची पोर. लेबर रूममधला फ्रिज उघडून म्हणाल्या, या दोन पिशव्या कुणालाही चालणाऱ्या रक्ताच्या, अडीअडचणीला. मोठ्या डॉक्टरांना एक फोन करायचा आणि लावायच्या. मी मान डोलावली. मनात म्हटलं, ऊठसूट फोन करणाऱ्यांतली मी नव्हे.

७ मार्च, गुरुवार
आज एक बाई गेली. दुसरं बाळंतपण. नऊ चाळीसला मुलगा झाला आणि रक्त जे सुरू झालं ते थांबेना. मी औषधं दिली, दोन्ही हातांना सुया लावल्या, धो धो सलाइन सोडलं. दहाला रक्त मागवलं. सगळं नियमाप्रमाणे केलं. नशिबापुढे कुणाचं काय चालतं!
तिच्या आईनं माझे हात धरले. म्हणाली, "डॉक्टरीणबाई, तुम्ही जिवाचं रान केलंत."

९ मार्च, शनिवार
रोजनिशीतसुद्धा खोटं लिहिलं मी. इथे कोण वाचणार होतं?
दहाला सिस्टर म्हणाल्या, "रक्त लावायचं का, मॅडम?" मी खेकसले, बीपी चढतंय, दिसत नाही का? चढलं होतं खरंच. नव्वदवर गेलं आणि माझी छाती फुगली. मग घसरलं की आणखी एक बाटली. अशा सात. ती कुडकुडत सारखी म्हणत होती, थंडी वाजते हो. रक्त आधी लाल, मग गुलाबी, मग नुसतं पाणी. गुठळी म्हणून धरेना. रक्त गेलं तर रक्तच द्यावं, सलाइननं उरलेलंही पातळ होतं, हे मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. आल्या आल्या मदत मागायची लाज वाटली, एवढंच. फोन केला अकराला. कागदावर अकराचे दहा केले. सिस्टरनी पाहिलं. खाली मान घालून चादर बदलत राहिल्या.

११ मार्च, सोमवार
इंजेक्शनची काचेची कुपी फोडताना बोट कापलं. एवढंसं. दोन तास झाले, थांबत नाही. थेंब फिका आहे. सिस्टर म्हणतात, लालच आहे, मॅडम, जरा झोपा. भर उन्हात जाऊन उभी राहिले, तरी दात वाजत होते.

१३ मार्च
गेलेल्या बाईची आई आली. बरोबर धाकटी लेक, नववा महिना भरलेला. म्हणाली, हिचंही तुमच्याच हातून होऊ दे, सख्खं माणूस एवढं करत नाही. मी हो म्हटलं. हो म्हटलं!
बोट गळतंय. गुलाबी.

१४ मार्च, सकाळ
धाकटीला कळा सुरू. आधी तिच्या आईला खरं सांगणार, मोठ्या डॉक्टरांना बोलवा म्हणणार, मग खुशाल थोबाडीत मारू दे — बोटातून आता पाणीच — अक्षरं पसरतायत —
दार वाजलं. आई आली. मागे धाकटी —
नाही. हिला पोट नाही. ही कुडकुडतेय. आईला दिसत नाहीये का? हातात बाटली, सुई माझ्याकडे —
सांगते, सांगते हो, थांब, मी रक्त अकराला