इराकच्या ठरावाला न उठलेला हात

दौंड, मंगळवार, मे २००४

"रेल्वे कॉलनीतल्या माझ्या माणसांनो, परक्या फौजेचा जाच आपल्या आज्या-पणज्यांनी सोसलाय!" संध्याकाळच्या सभेत मी अशीच सुरुवात केली. परकीय फौजांनी इराकमधून निघून जावं, असा ठराव मांडला. सगळ्यांचे हात वर गेले. पुढं बसलेल्या कमलबाईंचा मात्र मांडीवरच राहिला.

मी चिडून विचारलं, "गुलामी पटते तुम्हाला?"

"न्हाई आप्पा. पर आमचं मालक तिथंच हायेत, फौजेच्या छावणीत सैपाकाला. पासपोर्ट ठेकेदारानं काढून घेतलाय. फौज उद्या निघाली, तर त्यास्नी कोण आणणार? तुमचं भाषण?"

लोक हसले. मला मान वर करवेना. एवढं जगभराचं वाचलं, आणि आपल्याच कॉलनीतला माणूस तिथं अडकलाय हे ठाऊक नव्हतं? नवऱ्याच्या काळजीनं तो हात मांडीवर राहिला, आणि मी त्याच्यावर ओरडलो.

फौजा निघाल्याच पाहिजेत, हे आताही म्हणतो. पण त्याआधी छावणीवर बॉम्ब पडला तर? माझ्या ठरावाचा त्या बाईला काय उपयोग? जीव नुसता तडफडतोय. उद्या पहाटे कॉलनीत दारोदार जाऊन एवढंच सांगायचं: दौंडकरांनो, सकाळच्या गाडीनं कमलबाईंबरोबर पुण्याला कलेक्टर कचेरीत चला, त्यांच्या मालकांना परत आणा असा अर्ज द्यायला.