टोहूबोहूची पाटी

ठाणे, ता. ३ जानेवारी १८८७
होळीनंतर हेडक्लार्कची जागा रिकामी होणार. ती माझीच! फक्त साहेबांच्या डोळ्यांत भरेल असे काही केले पाहिजे. संकल्प: कचेरीचे सारे दफ्तर नव्याने लावणे. आजवर कागद गावाप्रमाणे रुमालांत बांधीत आले. ते काय, कोणालाही जमेल. मी अक्षराप्रमाणे बांधणार. सुंदर मोडी लाल रुमालात, मध्यम पांढऱ्यात, गिचमिड काळ्यात.

ता. ५
साहेबांनी कल्याणचा एक कागद मागितला. तीन तास शोधला. लिहिणाऱ्याचे अक्षर आठवेना, हा काय माझा दोष? दौलत शिपाई म्हणतो, गावाप्रमाणे होते तेव्हा डोळे मिटून काढून देत होतो. नको तिथे नाक खुपसतो मेला! शेवटी साहेब स्वतः दफ्तरखान्यात आले. तिन्ही रंगांचे ढीग पाहिले. मग शेरेबुकात एकच शब्द लिहून गेले: टोहूबोहू.

ता. ६
कचेरीच्या डिक्शनरीत शब्दच नाही! मामुली कामाला असला शब्द कोण खर्च करील? शिरस्तेदार म्हणाले, साहेबांनाच विचारा. छे! विचारले की अडाणी ठरलो.

ता. ८
टेंभी नाक्यावरच्या रंगाऱ्याकडून त्या शब्दाची पाटी करवली. टपोरी इंग्रजी अक्षरे. दफ्तरखान्याच्या दारावर ठोकली. आळीत पेढे वाटले. कुटुंबाने विचारले, प्रमोशनचा हुकूम कुठे आहे? बायकांना धीर म्हणून नाही.

ता. ९, रविवार
शेजारचे एलोजीमास्तर इस्रायली यहुद्यांच्या मुलांना त्यांची इब्री भाषा शिकवतात. पेढा खाताना शब्द ऐकला आणि त्यांना ठसकाच लागला. म्हणाले, मूळ शब्द आमच्या इब्रीतला, धर्मग्रंथाच्या अगदी आरंभीचा. देवाने सृष्टी रचण्याआधी सगळे निराकार, ओसाड होते, त्याचे हे वर्णन. इंग्रज क्वचित वापरतात, निव्वळ बजबजपुरीला.
कपाळ माझे! तरी म्हटले, म्हणजे आता पुढे सृष्टी होणार, असेच साहेबांना सुचवायचे असेल. मास्तर म्हणाले, ती करायला देव होता. तुम्ही आधी पाटी उतरवा.
कचेरी बंद. किल्ली दौलतकडे, आणि तो टिटवाळ्याला गेलेला. उद्या पहाटेच जाईन.

ता. १०
उठायला जरा उशीर झाला. पोचलो तो साहेब आणि मुंबईचे बडे साहेब पाटीखाली उभे! बड्या साहेबांनी विचारले, ही कोणी लावली? आमच्या साहेबांनी माझ्याकडे बोट केले. बड्या साहेबांनी माझा हात धरून हलवला. म्हणाले, इतकी खरी पाटी कुठल्याच कचेरीवर पाहिली नाही. उतरवायची नाही, असा हुकूम झाला.
हेडक्लार्क पुण्याहून येणार. दफ्तर पुन्हा गावाप्रमाणे लावायचे, दौलत सांगेल तसे.
घरी सांगितले. वाटले, भांडेल. कुटुंबाने नेहमीसारखे पान वाढले. फार लाज वाटली. इतक्यात शेजारच्या हौसाबाई दारात आल्या. विचारू लागल्या, हेडक्लार्कच्या खुर्चीत कधी बसणार? कुटुंबाने सांगितले, मुहूर्त बघतो आहोत. मी मान वर केली नाही.