उत्तराचा पत्ता

२६ सप्टें., शुक्र.
टीमलीड महाजनांशी पुन्हा वाजलं. कल्याणच्या हॉस्पिटलमधून आमचा प्रोग्रॅम लॅबला निरोप पाठवतो: रक्ताचा रिपोर्ट द्या. उत्तर कुठे पाठवायचं तो पत्ता निरोपाच्या हेडरमध्ये असतो. तिथे हॉस्पिटलचा हवा. आहे आमच्या ऑफिसातल्या जुन्या टेस्टिंग मशीनचा! म्हणजे रिपोर्ट आधी घोडबंदर रोडला आमच्याकडे, मग कल्याणला. म्हटलं, बदलते. "अगं, चालतंय ना? मग हात लावू नकोस." जुन्या प्रोजेक्टमधून त्यांनीच उचलून चिकटवलेला कोड. डोकं फिरलं.

१ ऑक्टो., खंडेनवमी
ट्रॅफिक. पोचले तर पूजा आटोपलेली. सगळी मशीनं बंद, झेंडूचे हार. ते टेस्टिंग मशीनसुद्धा! किंचाळलेच. चालू केलं तर महाजनांनी सगळ्यांसमोर वायर उपटली. "पूजेतलं हत्यार उद्यापर्यंत हलवायचं नसतं. एवढंही शिकवलं नाही घरी?"
घरी! आईनेही विळी पुजली. भाजी आधी चिरून ठेवली होती.

२ ऑक्टो., दसरा
ऑफिस बंद. हॉस्पिटलमधून शिंदे सिस्टरचा फोन. कालपासून एकही रिपोर्ट नाही, एका आजींचं ऑपरेशन थांबलंय. महाजन फोन उचलत नाहीत. शेवटी लॅबच्या हातापाया पडले, कागद रिक्षाने पाठवायला लावले. शेजारी सोनं द्यायला आले, कोणाशी धड बोलले नाही.

३ ऑक्टो., शुक्र.
पत्ता बदलला. न विचारता. रिपोर्ट आता थेट कल्याणला.
महाजनांनी केबिनमध्ये बोलावलं. "हेडर तू चुकीचा लावलास असा हॉस्पिटलला मेल लिही. तू ज्युनिअर, तुला माफ करतील."
"आणि माझी नोकरी?"
"बघू."
बघू म्हणे!

५ ऑक्टो., रवि.
मेल उद्या सकाळी हवाय. आई म्हणते, "मान खाली घाल, नोकरी टिकव." सिस्टरचा मेसेज: आजींचं ऑपरेशन झालं, बऱ्या आहेत. राग ओसरायला हवा होता. वाढलाच.
मेल लिहिला. घडलं तसा, पूजेसकट. महाजनांचा हुकूम: "आधी मला पाठव, हॉस्पिटलला मी पुढे पाठवतो." हेही यांच्याच मशीनवरून! पत्त्याच्या जागी त्यांचं नाव घातलं. पुसलं. हॉस्पिटलचं घातलं.
आई जेवायला हाका मारतेय. अजून पाठवला नाही.