मायाप्पा उभा आहे

१ जून २००९, सोमवार
आजपासून रोजनिशी. उद्या कुणी सिस्टिमचा इतिहास विचारला तर हाताशी काहीतरी असावं. आमच्या कॉलेजचं ऑफिस पूर्ण कॉम्प्युटरवर जाणार. कुठला कागद कुठून कुठं जातो याचा नकाशा काढायचं काम प्रिन्सिपॉल जगदेवप्पा सरांनी मला दिलं. अठ्ठावीस वर्षं या ऑफिसात काढलेला, त्यात अकरा वर्षं सुपरिंटेंडेंट, असा दुसरा आहेच कोण? नकाशा नीट उतरला तर जुलैच्या मीटिंगमध्ये संस्थेचा रजिस्ट्रार म्हणून माझंच नाव. घरी बायकोला, अन्नपूर्णाला सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.

३ जून
नकाशा तयार. चार रंगांत. अर्ज क्लार्क महानंदाबाईंकडे येणार, त्या रजिस्टर तपासणार. मग माझ्याकडे. मग प्रिन्सिपॉलकडे. माझा चौकोन जरा मोठा झालाय, पण मधोमध असल्यामुळं तसं दिसतं.
नियम क्र. १ (माझा स्वतःचा): ज्याच्या हाताखालून जाऊन कागदात काहीच बदलत नाही, तो चौकोन काढून टाकावा.
यात पहिला सापडला मायाप्पा शिपाई. फाईल टेबलावर ठेवतो आणि समोर उभा राहतो. बोलत नाही, खोकत नाही. पाच मिनिटांत माणूस वैतागून सही करतो. मग फाईल उचलून पुढच्या टेबलासमोर उभा. वीस वर्षं हेच. याला काय प्रोसेस म्हणायचं? काढला.

५ जून
मायाप्पाला सांगितलं, आता कुणाच्या टेबलासमोर उभं राहायचं नाही, गेटपाशी स्टुलावर बसायचं. कामून, म्हणाला. कागद आता वायरमधून जाणार, असं समजावलं. व्हय म्हणाला, पण वायर टेबलासमोर उभारती का, असं विचारत होता. शिक्षणाचा अभाव.

८ जून, सोमवार
बेंगळूरच्या कंपनीकडून महांतेश आला. आमचाच जुना विद्यार्थी. नकाशा खरा आहे का ते ‘व्हेरिफाय’ करायचं म्हणाला. मी काढलेला नकाशा! असो, पद्धत असते. प्रत्येक टेबलापाशी बसून विचारत होता, कागद आल्यावर तुम्ही काय करता? मी सांगितलं, पाहतो. पाहून काय करता? पुढं पाठवतो. पाहिल्यामुळं काय बदलतं, सर? मी म्हटलं, जबाबदारी. माझ्या नावापुढं त्यानं नुसती रेघ मारली. शंका उरली नसणार.

१२ जून
सिस्टिम सुरू. नारळ मी फोडला. दुसऱ्या फटक्याला फुटला. महांतेश परत गेला, जुलैत येऊन फेरबदल करून देणार.
नियम क्र. २: पासवर्ड कुठंही लिहून ठेवायचा नाही. हाही माझाच. म्हणून इथंही लिहीत नाही.

१५ जून
सिस्टिमवरचा पहिला अर्ज मायाप्पाच्याच मुलीचा. तुळजा. पीयूसीला, म्हणजे बारावीला, फर्स्ट क्लास. गुलबर्ग्याला नर्सिंगला नंबर लागलाय, ३० तारखेच्या आत टीसी नेऊन द्यायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. खटकचिंचोळीत त्यांच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली ही पहिलीच. मी मायाप्पाला म्हटलं, दोन दिवसांत देतो, बघ सिस्टिमची कमाल. त्यानं दोन्ही हात जोडले. चांगला माणूस आहे.

१७ जून
पासवर्ड आठवत नाही. नेत्राच्या नावानं केला होता की तिच्या जन्मतारखेनं? मुलीची जन्मतारीखही नीट आठवेना. अन्नपूर्णाला सहज म्हणून विचारली. तिनं रात्री ताट जरा आपटूनच वाढलं.

१८ जून
तीनदा चुकल्यावर खातं बंद झालं. महांतेशला एक फोन केला की होतं. पण सिस्टिमचा कर्ता मी, आणि मीच बाहेर उभा आहे असं त्या पोराला सांगायचं? उद्या आठवेल.

१९ जून
दिवसभर करंट नव्हता. बरं झालं.

२३ जून, मंगळवार
महानंदाबाई म्हणाल्या, माझ्याकडनं आठ दिवसांखालीच पुढं गेलंय, सर, तुमच्यापाशी अडकलंय. सगळ्यांसमोर. मी म्हटलं, सर्व्हर स्लो आहे. सर्व्हर कुठं असतो ते कुणीच विचारलं नाही.

२६ जून
मायाप्पा दारापर्यंत आला. आत आला नाही. उभं राहायला मीच मनाई केली होती, ती त्यानं पाळली. तिथूनच म्हणाला, साहेब, पोरगी रोज बॅग भरायली अन् काढायली. सोमवारी नक्की, असं सांगितलं. जेवणात आवडीची पुंडीची भाजी होती, खाल्ली गेली नाही.
संकल्प: उद्या महांतेशला फोन.

२७ जून
केला नाही. डोकं दुखत होतं. हे खरंच.

२९ जून, सोमवार
साडेदहाला टेबलासमोर एक बाई. डोक्यावर पदर. बराच वेळ नुसती उभी. कोण आपण, विचारलं. तुळजाची माय, सुभद्राबाई. काय काम? म्हणाली, काम तुमचं हाय, म्या नुसती उभी हाय. बसा म्हटलं तर म्हणाली, तुळजाचे आप्पा म्हणतेत, बसलं की सही होत न्हाई.
मी पेपर उघडला. ती उभी. चहा आला, निवला. ती उभीच. तिच्या पायांत चप्पल नव्हती, दाराबाहेर काढून आली होती. मला माझीच लाज वाटली, हे इथं लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही.
सात मिनिटं झाल्यावर उठलो. कपाटातनं जुनं टीसीचं पुस्तक काढलं, हातानं लिहिलं, स्वतः प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये गेलो आणि त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्यांनी सही केली. बाराच्या बसनं तुळजा आणि मायाप्पा गुलबर्ग्याला गेले.

१ जुलै
ॲडमिशन झालं. मुदतीच्या आत. सिस्टिमचा पहिला अर्ज यशस्वी, अशी नोंद करायला हरकत नाही.

४ जुलै
मायाप्पानं पेढे वाटले. मलाही दिला. एकच.

६ जुलै, सोमवार
मीटिंग. महांतेशनं तपासलेला नवा नकाशा भिंतीवर लावला. म्हणाला, या ऑफिसात कागद हलायचं खरं कारण जुन्या नकाशात नव्हतंच, म्हणून सिस्टिम तुमच्या पद्धतीनं बदलून आणलीय. कागद टेबलावर आला की पाच मिनिटांनी स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत येतं: मायाप्पा उभा आहे. सही होईपर्यंत जात नाही. सगळे हसले, प्रिन्सिपॉलनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
मग पाहिलं तर महानंदाबाईंच्या चौकोनातून बाण थेट प्रिन्सिपॉलकडे. खाली बारीक अक्षरांत: गुरुराज सरांच्या नियम क्र. १ नुसार. माझं नाव घातलंय, त्याचं कौतुक वाटलं. रजिस्ट्रारचा विषय वेळेअभावी राहिला.

९ जुलै, गुरुवार
माझ्या स्क्रीनवर काही नाही. महानंदाबाईंच्या स्क्रीनवर सकाळपासून चारदा मायाप्पा उभा राहिला. प्रिन्सिपॉलकडे सहादा.
दुपारी खऱ्या मायाप्पाला बोलावलं. म्हटलं, जरा इथं उभा राहा. कामून साहेब, काही कागद हाय का? म्हटलं, नाही, असंच. तो म्हणाला, मग कशाला, तुमी बी बसा की निवांत.
बसलो आहे.