गोरक्षभावजींचा पितळी गज

चांदवड, ३ फेब्रुवारी २०२५

चि. संतोष यास कुसाताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते म्हणून हसशील. मला ऐकू कमी येतं, फोन मोठ्या आवाजात लावावा लागतो, आणि भिंतीपलीकडे गोरक्षभावजींचं घर. त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

तुझे दाजी गेल्यापासून त्यांची ठासणीची बंदूक कपाटात आहे आणि किल्ली माझ्या कमरेला. परवाना ह्यांच्या नावाचा होता, म्हणून पंधरा तारखेला, शनिवारी ती पोलीस ठाण्यात जमा करायची आहे. डुकरं हाकायची जुनी बंदूक, पण ह्यांनी तिला कधी गंज चढू दिला नाही. मीही ती साफ करूनच देणार. भावजी मात्र रोज दारात येतात आणि म्हणतात की वहिनी, तुम्ही हात लावू नका, मी करतो. नळी साफ करायचा जुना गजही त्यांनीच नेला. मला तर वाटतं, त्यांना बंदूक स्वतःच्या नावावर करून घ्यायची आहे. काल मी बजावलं की बंदूक जाईपर्यंत माझा उंबरा चढायचा नाही.

बजावलं खरं, पण जीव थाऱ्यावर नाही. तू सातपूरला, मला मूलबाळ नाही. ताप आला तर दवाखान्यात नेणारं माणूस तेच एक, आणि त्यांच्याशीच तुटलं तर मी काय करू?

बाजारातून तारेचा ब्रश आणलाय. तुझ्या लेथवर एक लोखंडी गज करून पाठव आणि तेल कोणतं लावू ते कळव.

पोस्टमनची वाट बघणारी,
तुझी कुसाताई


सातपूर, ७ फेब्रुवारी २०२५

ती. कुसाताईस संतोषचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

ताई, तो तारेचा ब्रश मोरीत नेऊन ठेव. त्याने नळी आतून ओरखडते आणि ओरखड्यात गंज बसतो. गज लाकडी नाहीतर पितळी हवा, टोकाला सुती चिंधी. आधी गरम पाणी, मग कोरड्या चिंध्या, शेवटी तेलाचा हलका हात. मशीनचं तेल नको, दारूच्या काजळीत ते डांबरासारखं चिकटतं. खोबरेल चालेल. आरोही म्हणते, आत्याच्या केसांना पुरून उरलं तर.

आता पुढचं वाचून आरडाओरडा करू नकोस. गोरक्षभाऊ मागच्या आठवड्यात माझ्या वर्कशॉपला आले होते. पितळी गज करून मागितला, टोकाला टोकदार पीळ. तुला सांगू नको म्हणाले. मी करून दिला, पण तेव्हापासून मनात खुटखुटतंय. पिळाच्या गजाने नळी साफ होत नाही. आत ठासलेली चिंधी टोचून बाहेर ओढायला तो असतो. बंदूक रिकामी असेल तर ओढायचं काय? आणि भरलेली असेल तर कोणी भरली? दाजी भरलेली बंदूक घरात आणतच नसत.

सोबत लाकडी गज पाठवतो. घोड्याखाली ठिणगी पाडणारी टोपी नाही ना, ते आधी बघ. नळीच्या तोंडासमोर येऊ नकोस. गज अलगद आत सोड, टेकला की तोंडापाशी खूण कर, मग बाहेरून नळीला लावून पाहा. टोपीच्या जागेपर्यंत पोचला नाही, तर आत बार आहे. तसं असलं तर काही करू नकोस, कुलूप लाव आणि मला कळव. गोरक्षभाऊंना सुगावा लागू देऊ नकोस. माझा त्यांच्यावरचा भरवसा उडालाय.

तुझा धाक आणि माया दोन्ही हवी असलेला,
संतोष


चांदवड, १६ फेब्रुवारी २०२५

चि. संतोष यास कुसाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गज चार बोटं अलीकडेच थांबला. कुलूप लावलं, पण तोंडाला लावता आलं नाही. अंगणात उभी राहून विचारलं की भरलेली बंदूक माझ्या घरात ठेवून कोणाचा जीव घ्यायचा होता. गल्ली गोळा झाली. भावजी बाहेर आले. माणसं पांगल्यावर ते उंबऱ्याबाहेरच बसले आणि सगळं सांगितलं.

दसऱ्याला पूजा झाली की घरच्या कर्त्याने बांधावर जाऊन हवेत बार काढायचा, ही आमच्या घरची रीत तुला माहीत आहे. यंदा ह्यांनी बंदूक भरली, दोघे भाऊ बांधावर गेले, आणि ह्यांचा हातच वर जाईना. भावजींना उडवू दिलं नाही. बरा झालो की मीच उडवीन म्हणाले. टोपी काढून खिशात टाकली आणि तशीच भरलेली बंदूक घरी आणली. कुसाला हाताचं कळता कामा नये, अशी शपथ घातली. दिवाळी झाली आणि हे गेले. किल्ली माझ्याकडे आली. भावजींना तो बार गुपचूप काढायचा होता, म्हणून जुना गज नेला, म्हणून रोजच्या खेपा आणि म्हणून तो पिळाचा गज.

मला आधी संतापच आला. हात उचलत नाही हे बायकोला सांगायची लाज, आणि तिच्या उशाशी भरलेली बंदूक ठेवायची लाज नाही! भावजींसमोरच मेलेल्या माणसाशी भांडले. मग पोटभर रडले. मग त्यांना घरात घेतलं आणि चहा टाकला.

भावजींनी नळीत पाणी ओतून दारू भिजवली, पिळाच्या गजाने चिंधी ओढून काढली. तुझ्या गजाने मी नळी पुसली. पांढरी चिंधी पांढरीच बाहेर येईस्तोवर दोघं बसलो होतो.

काल ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदाराने विचारलं की शेवटचा बार कधी काढला होता. मीच पुढे झाले आणि सांगितलं की दसऱ्याला, आमच्या मालकांनी, एका हाताने. भावजी लगेच म्हणाले की हो, मी होतो ना सोबत.

आरोहीला माझा पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
कुसाताई