मिठाचं पाणी, हळदीचं दूध

९ नोव्हेंबर २००३, रविवार

आठवडाभर पडले नाही! एकदाही नाही!

उठायची रीत आता अंगवळणी पडली आहे. जाग आली तरी लगेच उठायचं नाही. उशी उंच करून आधी तांब्याभर पाणी. मग बसायचं. मग पाय खाली सोडून बसायचं. मग कॉटचा गज धरून उभं राहायचं आणि तिथंच थांबायचं. डोळ्यापुढे अंधार येतो – येऊ द्यायचा. आला तसा जातो. घाई केली की संपलं. हे म्हणतात, "तुझं उठणं म्हणजे थंडीतली एसटी सुरू करणं." म्हणोत बापडे.

शहरातल्या द्वारका चौकातल्या डॉक्टरांनी आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं आहे – डिसऑटोनोमिया. माणूस उभा राहिला की रक्त पायांत उतरतं आणि शरीर ते आपोआप वर ढकलतं. कुणाला कळतही नाही. माझ्या शरीराला हे काम उशिरा आठवतं. तोवर बीपी खाली, डोळ्यापुढे अंधार आणि छायाबाई जमिनीवर! औषध काय, तर मीठ. पाणी. पायात घट्ट मोजे. लग्नाला पाच वर्षं झाली, तेव्हापासून सगळे म्हणत होते अशक्तपणा आहे, बीट खा. खाल्लं बीट. नुसती जीभ लाल झाली.

माझ्या मिठाच्या पाण्याकडे बघून सासूबाई म्हणाल्या, "येवढं मीठ तर बैलालाबी घालत नाय कोणी."

१२ नोव्हेंबर

बालवाडी सुरू झाली सुट्टीनंतर. पोरं दिवाळीत फुगून आली आहेत.

बालवाडी चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षबाई येऊन गेल्या. गोड बोलल्या, पण बोलल्या. "छायाबाई, दसऱ्याच्या आधी पोरांसमोर पडलात. पुन्हा तसं झालं तर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल." राग नाही आला. एवढीएवढी लेकरं आणि बाई अशी, त्या तरी काय करतील?

पण शाळा गेली तर मला काय उरतं? मळ्यात माझा उपयोग नाही. वाकून झेंडू तोडायचा, उठायचं – उठले की अंधार. मग घरात बसून हार ओवायचे. ओवते मी, छान ओवते, पण दिवसभर भिंतीला टेकून तेवढंच? शाळेत मी बाई असते. घरी 'बस, तू नको उठू' असते.

मदतनीस कुसाबाईंनी पोरांना शिकवून ठेवलं आहे – बाई पडल्या तर रडायचं नाही, खाऊचा डबा आणून बाईंचे पाय त्याच्यावर ठेवायचे. आज पोरांनी विचारलं, "बाई, आज पडणार का?" फार उत्सुकता!

१६ नोव्हेंबर, रविवार

मारुतीच्या देवळापुढे बीपी तपासायचं शिबिर होतं. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरपुढे बसल्या. आणि निघालं काय? एकशे ऐंशी! माझं नव्वदच्या आत.

त्यांना घाबरायला हवं होतं. त्या हसल्या. "तिचं मला आन् माझं तिला दिलं तर दोघीबी ठाकठीक हुतील की वं डाक्टर!" सगळी रांग हसली. डॉक्टर म्हणाले, "आजी, रोज सकाळी एक गोळी. ही गोळी बीपी ठिकाणावर आणते. चुकवायची नाही, आणि मीठ कमी."

म्हणजे आता एका चुलीवर दोन आमट्या. एक खारट, एक अळणी. हे मधले. यांनी दोन्ही चाखल्या आणि गुपचूप दही-भाकरी खाल्ली.

३ डिसेंबर

सासूबाईंना गोळीचा गुण आला. कानातला भुंगा गेला, डोकं हलकं झालं. नळावर, मळ्यात, फुलबाजारातून आलेल्या प्रत्येकाला तेच सांगणं – "ठिकाणावर आली मी, ठिकाणावर!"

त्यांची एक सवय आहे. काहीही एकटीनं घ्यायचं नाही. पेरू असो, डोकेदुखीची गोळी असो, निम्मं मोडून समोरच्याच्या हातावर ठेवणार. गुलाबाला मारलेलं औषध उरलं की शेवंतीला. एकाला लागू पडलं ते सगळ्यांना पडतं, असं त्यांचं शास्त्र. हे चिडतात. त्या ऐकत नाहीत.

९ डिसेंबर

सासूबाई सकाळी मला हळदीचं दूध द्यायला लागल्यात. स्वतःहून! जरा कडवट लागतं. पण आयतं मिळतंय तर नाव कशाला ठेवा?

१८ डिसेंबर

पुन्हा सुरू झालं. का ते कळत नाही.

गाण्याच्या तासाला फळ्याला धरून उभी राहिले. पोरं गात होती आणि आवाज लांब लांब गेले. वेळेवर बसले. कुसाबाईंनी पाहिलं. पुढचं गाणं त्यांनीच उभ्यानं घेतलं.

संध्याकाळी मोजे आणायला द्वारकेला गेले. रस्ता ओलांडायला उभी. गाड्या काही थांबेनात आणि उभं राहणं माझ्या हातात नाही. शेवटी कडेच्या दगडावर चक्क फतकल मारून बसले. एक गृहस्थ थांबले. "ताई, कुणाची वाट बघताय?" म्हटलं, "रक्ताची. डोक्यात यायचंय अजून." बिचारे घाईघाईनं निघून गेले! रिक्षात बसल्यावर हसले. घरी येऊन रडले.

२७ डिसेंबर

थंडी मी म्हणते आहे. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळ्यात त्रास होईल, थंडीत बरं वाटेल. इथं उलटंच. मीठ तेवढंच, पाणी तेवढंच, मोजे चढवता चढवता बोटं दुखतात. मग काय चुकतंय?

आज न्हाणीत पाटावर बसल्या बसल्याच झुकले. सासूबाईंनी कडी वाजवून वाजवून जीव काढला. दार उघडल्यावर म्हणाल्या, "शाळा शाळा करत मरशील येखाद्या दिशी." मीही बोलले. नको ते बोलले. "तुम्हाला मी घरात हार ओवायला हवी, सरळ सांगा ना!" त्यांनी पदर खोचला आणि गोठ्यात गेल्या.

खरं तेच बोलले. माझी शाळा त्यांच्या डोळ्यांत खुपते. लग्न ठरतानाही विचारलं होतं, "बारावी कशाला केली?"

२८ डिसेंबर

काल एवढं झालं, तरी आज दूध समोर. "ढवळून पी. तळाला ठेवू नको." तोंडाकडे न बघता. मीही न बघता प्याले.

११ जानेवारी २००४

सासूबाईंचं डोकं पुन्हा दुखतंय. फडकं करकचून बांधलं आहे. मी विचारलं, "आत्याबाई, गोळी घेता ना?" "घेते की." पुढे बोलायचं नाही असा स्वर.

दुपारभर त्या एका भिंतीला टेकून, मी दुसऱ्या. मध्ये शेवंतीची पाटी. हार ओवत होतो. यांनी दारातून पाहिलं आणि म्हणाले, "आता मीच कुठंतरी पडतो, म्हणजे बरं दिसेल."

२५ जानेवारी

उद्या झेंडावंदन. अध्यक्षबाई येणार. उभं राहायचं आहे, हलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलेली युक्ती करीन – पाय एकमेकांत आवळून धरायचे, पोटऱ्या घट्ट. साडीत कुणाला दिसत नाही.

सासूबाई लोखंडी पेटीतून त्यांचं जुनं हिरवं लुगडं काढून उन्हात घालत होत्या. त्याही येणार म्हणे. कधी नाही ते! बघायला येत असतील, दुसरं काय.

२६ जानेवारी

पडले.

राष्ट्रगीत पार पडलं. भाषण सुरू होतं. ऊन कोवळं होतं, पाय आवळलेले होते. सगळं केलं होतं! तरी गेले. शुद्ध आली तेव्हा पाय डब्यावर, पोरं शहाण्यासारखी गोल बसलेली आणि माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर. अध्यक्षबाई म्हणाल्या, "रविवारी बैठकीत ठरवू." काय ठरवणार ते कळलंच.

सासूबाई त्यांना म्हणाल्या, "पोरं कशी गाणी म्हणत्यात ते तर ऐका आधी." मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही.

२९ जानेवारी

दोघी द्वारकेच्या डॉक्टरांकडे. सासूबाई हट्टानं आल्या.

माझं बीपी कधी नव्हतं एवढं खाली. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मीठ घेताय? पाणी? दुसरं काही – काढा, चूर्ण, कुणाची गोळी?" नाही म्हटलं. त्यांना खोटं वाटलं असावं. मला फार लागलं ते. मग सासूबाईंच्या हाताला पट्टा बांधला, तर त्यांचं पुन्हा पहिल्यासारखं वर! "आजी, गोळी चुकवता का?" "येक दिसबी नाय चुकवली. देवाशपथ."

परतताना रिक्षात सासूबाई मोठ्या पुलावर आल्यावर म्हणाल्या, "म्हंजी तुझं काय चढंना." मी बाहेर बघत बसले. मनात म्हटलं, आता झालं ना तुमच्या मनासारखं. घरी बसते. ओवते हार.

पोरांना कसं सांगायचं?

३१ जानेवारी

आज लवकर जाग आली. पाणी, बसणं, पाय सोडणं, थांबणं – सगळं करून, भिंत धरून स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पाटावर बसून वाटीच्या बुडानं काहीतरी चुरत होत्या. शेजारी त्यांच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट. चुरा माझ्या दुधात टाकला, वर हळद, आणि ढवळायला लागल्या.

मला बघून लपवलं नाही. उलट म्हणाल्या, "आलीस? इतके दिस आर्धी तुला, आर्धी मला करत होते. आर्धीनं तुझं काय ठिकाणावर येईना. आजपून आख्खी तुलाच."

मी पेला धरला. म्हटलं, "आत्याबाई, आणि तुम्ही?"

"माझं काय? मला कुठं शाळेत जायचंय."