पहिला तुकडा माझा

सेरा दो कापिम,
आईच्या वाढदिवसानंतरचा रविवार, जेवणं आटोपल्यावर

प्रिय डाल्वाताईस,

धाकट्या इव्होनेतीचा नमस्कार, आणि आशीर्वाद दे. तो आत्ताच देऊन टाक, कारण पत्र संपेपर्यंत तुझी इच्छा राहील असं मला वाटत नाही. तुझी कंबर कशी आहे? लिस्बनच्या गारठ्यात ती धरते म्हणालीस, तर हॉटेलातल्या चादरींचे ढीग एकटीने उचलू नकोस, दुसऱ्या कुणाची तरी कंबर वापर. इकडे सगळे बरे आहेत. आईचा रक्तदाब तिच्या स्वभावापेक्षा पुष्कळ शांत आहे. ओनोफ्रेदादाची दाढ काढली, त्यामुळे तो चक्क गप्प होता आणि रोझांजेलावहिनी स्वयंपाक करताना गात होती. कोंबड्याही मजेत आहेत आणि तुझी फार आठवण काढतात. का, ते पुढे येईल.

पत्रास कारण असं की तू हरलीस. या वर्षी आईने केकचा पहिला तुकडा मला दिला. (हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचलं. छान वाटलं.)

तुला सगळं माहीत आहे, तरी मला सांगायला आवडतंय म्हणून सांगते. ज्याचा वाढदिवस त्याने केक खालून वर कापायचा, कापताना मनात काहीतरी मागायचं, आणि पहिला तुकडा साऱ्या जगात जो आपला सर्वांत लाडका असेल त्याच्या हातात द्यायचा. आता हे जगभर लोक हसत-हसत करत असतील, पण आपल्या घरात ही निवडणूक असते. तू दोन वर्षांत परत येते म्हणून पोर्तुगालला गेलीस, त्या वर्षापासून आई पहिला तुकडा कापते, बशीत ठेवते, आणि सगळ्यांच्या माना लांब झाल्या की म्हणते, “हा डाल्वाचा. ठेव गं फ्रीजरमध्ये.” आणि बशी माझ्या हातात देते. म्हणजे बशी धरायची मी, फडक्यात बांधायची मी, बर्फात जागा करायची मी, आणि लाडकी कोण, तर समुद्रापलीकडची. आईच्या डोळ्यांत औषध मी घालते, तिच्या पायाची नखं मी कापते, डाळीत मीठ किती यावरून तिच्याशी रोज भांडते ती मी. ताई, मला वाईट वाटायचं. फार वाईट वाटायचं. ते हसण्यावारी नेणार नाही.

म्हणून या जानेवारीत मी पदर खोचला. भेटच अशी करायची की आईचा हात आपोआप माझ्याकडे वळेल. आता आपल्या घरची भेट म्हणजे काय संकट आहे ते तू विसरली नसशील: विकतचं उंबऱ्याच्या आत येणार नाही, प्रत्येकाने आपल्या हाताने केलेलंच द्यायचं. बाबांच्या वेळी खिशात काही नसायचं म्हणून आईने हा नियम काढला, आणि खिशात थोडंफार आल्यावरही तो तिने सोडला नाही. वहिनीला काय, तिच्या बोटांत देवाने जादू भरली आहे. माझ्या बोटांत त्याने काय भरलं आहे ते अजून कळायचं आहे. मी विणलेली शाल शेजारचे बेलार्मिनोकाका मासे धरायला मागून घेऊन गेले होते. मी केलेली मातीची सुरई घरभर कौतुकाने फिरली, पण तिच्यात ओतलेलं पाणी ती स्वतःच पिऊन टाकायची. तरी मी बस स्टँडच्या खिडकीत तिकिटं फाडता फाडता ठरवलं, यंदा साबण. आजी करायची तसा, राखेच्या पाण्याचा आणि डुकराच्या चरबीचा, हाताने वळलेला काळसर गोळा.

साबण करताना काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण सविस्तर सांगायला माझ्या भुवया अजून पूर्ण उगवलेल्या नाहीत. चुलीतली राख टोपलीत दाबून वरून पाणी सोडलं, खाली तपकिरी पाणी ठिबकलं, ते चरबीत घालून सकाळपासून ढवळत बसले. पहिला घाणा जमलाच नाही, तो बेलार्मिनोकाकांनी बैलगाडीच्या आसाला लावला आणि चाकं फार आनंदात आहेत असं येऊन सांगितलं. दुसरा इतका जमला की भांडं आणि साबण वेगळे करता येईनात. ते भांडं आता तसंच परसात आहे, पाऊस आला की आपलं आपण फेसाळतं. आई रोज मागच्या दारात उभी राहून म्हणायची, “बाई, तू तिकिटंच विक.” मी म्हटलं, आई, मरेन पण साबण करीन. ती म्हणाली, “तुझ्या मरणाला हरकत नाही, माझा झारा तेवढा धुऊन ठेव.” तिसरा घाणा मात्र जमला. खरंच जमला. गोळे वळले, उन्हात ठेवले, आणि त्यातल्या एकाने मी हात धुतले तर हातांना आजीच्या अंगणाचा वास आला. मी तिथेच खाली बसून रडले, ताई. (त्यातले काही अश्रू राखेच्या पाण्यामुळे होते.)

आता बांधायचं कशात? कागद विकतचा, म्हणून बाद. तेव्हा मी एकेक गोळा मक्याच्या कणसाच्या वाळक्या सालीत गुंडाळला आणि त्याच सालीच्या दोरीने गाठ मारली. दिसायला इतकं सुंदर झालं की माझंच आहे यावर माझा विश्वास बसेना. आणि इथेच घात झाला. कारण पलीकडच्या घरात वहिनी काय करत होती? पेरू आटवून त्याचे काळसर गोड गोळे वळत होती आणि तेही कणसाच्या सालीत गुंडाळत होती. कागद तिलाही बाद होता. वाढदिवसाच्या दिवशी तिची टोपली आणि माझी टोपली शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या, आणि ओनोफ्रेदादाने टेबलावर ताटांना जागा हवी म्हणून दोन्ही एका परातीत ओतल्या. त्याची दाढ काढली होती, पण मला वाटतं डॉक्टरांनी चुकून आणखीही काही काढलं असावं.

बेलार्मिनोकाका दरवर्षीप्रमाणे अकॉर्डियन घेऊन आले (त्यांची भेट म्हणजे गाणं, तेही हाताचंच). आल्याबरोबर वहिनीने परातीतला एक गोळा सोडला, ताज्या चीजची जाड चकती वर ठेवली आणि त्यांच्या हातात दिला. तुला माहीत आहेत ते किती जुन्या वळणाचे. कुणाच्या घरी हातात दिलेलं खाणं परत करणं म्हणजे त्यांच्या लेखी त्या घराच्या तोंडावर दार आपटणं. त्यांनी घास घेतला. थांबले. डोळे मिटले. मग चावत राहिले. मिशीच्या टोकाशी बारीकसा फेस आला, तो त्यांनी रुमालाने टिपला. वहिनी म्हणाली, “काका, कसा झालाय? गोड जास्त नाही ना?” ते म्हणाले, “नाही नाही, गोड मुळीच नाही. मनात खोलवर स्वच्छ वाटतंय.” आणि वहिनीने खूश होऊन दुसरा सोडला! मी पलीकडून बघत होते आणि मला कळलं होतं, पण काका इतक्या मनापासून चावत होते की मी आपली बशी पुसत राहिले. ओनोफ्रेदादाला काही जुनं वळण नाही. त्याने आपला घास कुंडीतल्या फर्नवर थुंकला. फर्न यंदा जास्त हिरवा दिसतोय.

तेवढ्यात मागून आईची हाक आली. तिला माझा साबण वापरून बघायची इतकी घाई झाली होती की ती परातीतली एक पुडी उचलून कपडे धुण्याच्या हौदावर गेली होती आणि मनगटापासून कोपरापर्यंत वहिनीचा पेरू चोळत होती. “इव्होनेती,” ती ओरडली, “फेस येत नाही गं तुझ्या साबणाला, पण वास काय सुरेख आहे!” सगळ्या कोंबड्या तिच्या मागे लागल्या. मग काय झालं ते कळल्यावर आई हौदाच्या कडेला टेकून इतकी हसली, इतकी हसली, की वहिनीने आणि मी तिला दोन्हीकडून धरलं. वहिनी आधी फुगली, मग तीही हसली. काका म्हणाले, “एवढंच ना? मला वाटलं माझीच जीभ म्हातारी झाली.” आणि त्यांनी बाजा उघडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. तीच जुनी मेणबत्ती लावली, जी आई फक्त गाण्यापुरती जळू देते आणि परत डब्यात घालते. आता ती अंगठ्याएवढी उरली आहे.

तुझी भेटही वेळेवर पोचली होती. आईने शाल लगेच खांद्यावर टाकली आणि दिवसभर उतरवली नाही. वहिनी टाका अन् टाका न्याहाळत होती. म्हणाली, “डाल्वाताईंचा हात म्हणजे हात! मशीनलाही असे सारखे टाके जमायचे नाहीत.” मी ताटं मांडायला उठले.

आता कोंबड्यांचं. वाढदिवसाच्या आधी आईने फ्रीजर रिकामा केला. तुझ्या नावाने बांधून ठेवलेले एकूण एक तुकडे काढले, बर्फ सुटेपर्यंत उन्हात ठेवले आणि कोंबड्यांपुढे घातले. कोंबड्यांनी इतक्या वर्षांचे वाढदिवस एका सकाळी साजरे केले. मी विचारलं, तर म्हणाली, “बर्फ फार साठला होता.” मला काय, मी मनात म्हटलं, मैदान मोकळं झालं.

आणि झालंही तसंच. आईने मक्याच्या पिठाचा तो केक खालून वर कापला, डोळे मिटून काहीतरी मागितलं, तुकडा बशीत ठेवला, आणि बशी माझ्याकडे केली. फ्रीजरचं नाव नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी बाजा वाजवला, वहिनीने मला मिठी मारली (जरा जोरातच). बशी देताना आई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. जिंकणाऱ्याने फार बोलू नये. तेव्हा तू आता हार मान, कंबर सांभाळ, आणि तिथल्या मैत्रिणींना सांग की सेरा दो कापिममध्ये तुझी एक बहीण आहे जी हट्टाला पेटली की साबणसुद्धा करते.

तुझीच, जिंकलेली,
इव्होनेती

ता. क. शालीच्या आतल्या बाजूला, डाव्या कोपऱ्यात, कारखान्याची चिठ्ठी शिवलेली होती. पोस्टातून पुडकं आलं की इस्त्री करते म्हणून मी आधी सोडते, ते उगीच नाही. मागचे मोजे, त्याआधीची उशीची खोळ, त्याआधीचा तो निळा स्वेटर, सगळ्यांच्या चिठ्ठ्या मी कात्रीने उसवून बटणांच्या डब्यात ठेवल्या आहेत. आईला काही माहीत नाही. रागावून सांगत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी धुऊन आल्यावर कुणाची बोटं विणायला उठतील? माझी तर दिवसभर बसूनही उठत नाहीत. पण पुढच्या वेळी निदान चिठ्ठी तरी तूच काढ. मला जवळचं दिसेनासं झालंय आणि यंदा कात्री शालीला लागता लागता राहिली.

आणखी एक ता. क. आई काय म्हणाली ते लिहिते. ती म्हणाली, “घे, तूच खा. आता ती काही येत नाही.” रडली नाही, काही नाही. सुरी पुसली आणि काकांसाठी दुसरा तुकडा कापायला लागली. मी हसले, सगळ्यांना बशी दाखवली, आणि स्वयंपाकघरात जाऊन तुकडा फडक्यात बांधून फ्रीजरमध्ये मक्याच्या दाण्यांच्या पिशवीमागे लपवला. आईला खाल्ला म्हणून सांगितलं. ताई, असा जिंकलेला मला नको. मला तो हवाच आहे, पण तू टेबलाशी समोर बसलेली असताना, आईने दोघींकडे नीट बघून, मग माझ्या हातात दिलेला. तुला दिला तर मी रुसेन, वहिनीकडे जाऊन जेवेन, पण चालेल. तेव्हा पुढच्या मार्चमध्ये, आईच्या वाढदिवसाला ये. बसमधून उतरलीस की खिडकीत मीच असेन. शाल नको, मोजे नकोत, रिकाम्या हाताने ये. वहिनीने नियमाचं काढलंच, तर मी सांगेन की ही काही विकत आणलेली नाही, आईनेच आपल्या हाताने केलेली आहे.